गुडघ्यावरचा हात

शकू आत्यानं पहिल्याच धवल्यात नाव चुकवलं.

अल्पेश पाटावर बसला होता, उघड्या अंगानं, मांडीवर कट्यार धरून. पाटाभोवती सवाष्णी दाटल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं संजना, हातात हळदीची वाटी, आंब्याचं पान हळदीत बुडवून तयार. भावाच्या अंगाला पहिलं बोट थोरल्या बहिणीचं, हे या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. आत्या मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. ती या गावची धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याचं बोट धरून चालायचा, भटजीचा मान तिच्या मागून. तिनं सूर लावला तेव्हा मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्यासुद्धा हलायच्या थांबल्या.

पहिली हलद कोनाची गो, पहिली हलद कोनाची?
खाडीच्या पान्यावं वाढली, पट्टा जिंकूनशी आली,
मनाली बहीनीची गो, मनाली बहीनीची.

संजनाचा हात हवेत राहिला. पानावरून हळदीचा एक थेंब ओघळला आणि तिच्या नव्या नऊवारीवर पडला.

"आत्या, मनालीचं तर लग्नपन नाय झालं," मागून कुणी तरी कुजबुजलं.

"आत्ता आलं ना नाव धवल्यात? आलं तं आलं," दुसरी म्हणाली. "घेता येतंय का मागं?"

येत नव्हतं. धवल्यात एकदा गाइलेलं नाव परत घेत नाहीत. ज्याचं नाव, त्याचा हात. आत्यानं डोळे उघडले, संजनाकडं पाहिलं आणि चूक तिच्या ध्यानात आली. पण गाणं थांबवून चालणार नव्हतं. सूर न मोडता तिनं पुढचं कडवं घेतलं: दुसरी हलद कोनाची गो, थोरल्या संजनाची.

दुसरी. थोरली आणि दुसरी.

"ये ना मनाली, पुढं ये!" बाबा मांडवाच्या दारातून ओरडले. शत्रुघ्न म्हात्रे आज नवरदेवाचे बाप कमी आणि चॅम्पियनचे बाप जास्त दिसत होते. धाकट्या मनालीनं पिंजऱ्यातल्या लढतीत जिंकलेला सोनेरी पट्टा त्यांनी देवाच्या चौरंगावर कलशाशेजारी मांडला होता, आणि आलेला प्रत्येक पाहुणा अगोदर त्याच्यासोबत फोटो काढत होता, मग नवऱ्यामुलाकडं वळत होता.

मनाली पुढं आली. रुंद खांदे, एक कान कुस्तीत चुरगळलेला, भुवईवर जुनी टाक्यांची रेघ. ती संजनापाशी थबकली.

"ताई, तू लाव. मी नंतर लावते."

"धवल्यात तुझं नाव आलंय," संजना म्हणाली आणि वाटी तिच्या हातात ठेवली. इतकी अलगद, की कुणाला वाटावं मायेनंच दिली.

*

माजघरात अल्पेश तोंड पुसत आला तेव्हा संजना पातेल्यातल्या वड्यांवर झाकण ठेवत होती.

"ताई, एक सांग. हळद माझी आहे की तिची?"

"तुला कशाला लागलंय? तू नवरा आहेस."

"नवरा! माझ्या होणाऱ्या मेहुण्यानं मला काय विचारलं माहितीय? भाऊजी, मनाली मॅडम कुठं बसल्यात? माझ्या सासऱ्यानं हळदीचा टिळा मला लावला आणि सेल्फी तिच्यासोबत काढला." तो पिवळ्या अंगानं पिंपावर बसला. "मेव्हणी चॅम्पियन म्हणून बायको माझ्यावर वचक ठेवणार बघ."

"नणंद."

"तेच ते."

संजनाला हसू आलं, पण ते पोटापर्यंत उतरलं नाही. पोटात दुसरंच काही होतं. मनालीच्या पहिल्या लढतीपासून होतं. ओहोटीच्या चिखलात निवटी असते ना, बोटाएवढी मासळी, चिखलाच्याच रंगाची, दिसते तोवर निसटते, तसं काहीतरी तिच्या आतड्यांत वळवळत असायचं. मनालीचा फोटो फलकावर लागला, वळवळलं. मनालीनं बाबांना गाडी घेऊन दिली, वळवळलं. आणि त्या मुलाखतीच्या दिवशी तर ते घशापर्यंत आलं.

पट्टा जिंकल्यावर पिंजऱ्यातच मनालीला विचारलं होतं: तुझी ही पकड जगावेगळी आहे, कुणी शिकवली? पकड खरंच वेगळी होती. मनाली समोरच्या बाईच्या मागं धावत नसे. जाळीला पाठ लावून, खाली वाकून, अगदी गप्प उभी राही. दोन ठोसे खाई. आणि समोरची हलली की मनालीचा हात ती जिथं होती तिथं नाही, जिथं जाणार होती तिथं आधीच पोचलेला असे. घोटा हातात आला की खेळ संपला. पाडायचं, पाठीवर चढायचं, गळ्याला विळखा. समालोचक तिला निवटी-पकड म्हणू लागले होते, कारण मनालीनंच त्यांना तो शब्द दिला होता.

"आमच्या खाडीत निवट्या धरतात तशी," ती म्हणाली होती. "बाबा मला लहानपणी न्यायचे."

बाबा! ज्यांच्या पायाला आयुष्यात चिखल लागला नाही, ज्यांनी जमीन विकून गोखिवऱ्यात गाळे बांधले आणि पांढरे बूट घातले, ते बाबा. खाडीत न्यायची शकू आत्या, आणि आत्याच्या मागं संजना, आणि संजनाच्या फ्रॉकचं टोक धरून मनाली. 'ती आहे तिथं हात घालू नको गो, तिचं बीळ कुठंय ते बघ,' हे संजनानं सांगितलं होतं. हीच पकड घेऊन संजना राज्याच्या कुस्ती शिबिरापर्यंत पोचली होती. शिबिराच्या आदल्या आठवड्यात पाहुणे बघायला आले. बाबा म्हणाले, कान चुरगळला की पोरीला कोन करून घेनार? काही वर्षांनी धाकटीचा कान चुरगळला, तेव्हा त्यांनीच तो सगळ्या गावाला कौतुकानं दाखवला.

"ताई, तुझा फोन वाजतोय," अल्पेश म्हणाला.

फ्लॉईड सरांचा होता. तिनं वाजू दिला.

कालपासून तो असाच वाजत होता. एव्हरशाईन सिटीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या बाजूला सारून संजना लहान मुलींना चार डाव शिकवायची, ते पाहून फ्लॉईड सरांनी तिला बोलावलं होतं. त्यांची स्वतःची मोठी जिम. पुढच्या महिन्यात पट्ट्यासाठी मनालीशी लढणार होती ती पोरगी त्यांच्याच हाताखालची.

"मुलींच्या विभागाला मला मुख्य प्रशिक्षक पाहिजे," ते म्हणाले होते. "बाहेर बोर्डावर तुझं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात. फक्त एक सांग. मनाली दमली की काय करते? सगळ्या लढती पाहिल्या मी, मला सापडत नाही. पण काहीतरी करते."

"ती माझी बहीण आहे, सर."

"म्हणून तर तुला विचारतोय."

संजना 'नाही' म्हणाली नव्हती. म्हणाली होती, हळद झाली की सांगते.

*

विधी आटोपले, ढोल चढला आणि हळदीचा खेळ सुरू झाला. अंगणभर पिवळं झालं. दीर, भावजया, म्हाताऱ्या, कुणी कुणाला सोडलं नाही. सुटली होती एकटी मनाली. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर हळदीचा डाग नव्हता. चुलतभाऊ हितेश मोबाईल उंच धरून ओरडत फिरत होता: "चॅम्पियनला कोण हळद लावतो? आहे का म्हात्र्यांत कुणी?"

संजनाच्या दोघा दिरांनी प्रयत्न केला; दोघंही अंगणात लोळले आणि हसत उठले. अल्पेशनं मागून झडप घातली, तर मनालीनं त्याला उचलून पुन्हा पाटावर नेऊन बसवलं. हसून हसून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहिलंत?" ते व्याह्यांना म्हणाले. "खाडीचा हात हाय हा. आमच्या घरातला."

संजनानं पदर खोचला. हळदीत मूठ बुडवली.

"मी लावते."

"अगं ताई, जाऊ दे," मनाली हसली. "लागेल तुला."

एवढंच. 'लागेल तुला.' त्या दोन शब्दांवर संजनाच्या पोटातली निवटी सळ्कन फिरली.

दोघी वाकल्या. ढोलवाल्यानं हात आखडता घेतला. मनाली नेहमीसारखी गप्प उभी, भिंतीला पाठ लावून. संजना पुढं गेली नाही. आसपासच्यांना वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती. ती बाजूला सरकत होती, हुलकावण्या देत, धाकटीला पुढं ओढत, मागं ढकलत, दमवत. वर ऊन, खाली नुकतीच सारवलेली जमीन, हळदीनं निसरडी. मनालीनं दोघा-तिघांना आधीच लोळवलेलं. तिचा श्वास चढत होता. आणि संजना तिच्या चेहऱ्याकडं पाहतच नव्हती. ती तिच्या डाव्या हाताकडं पाहत होती.

तो निघाला. झेप घेण्याआधी पापणी लवावी इतका वेळ मनालीचा डावा हात खाली आला आणि तिच्या डाव्या गुडघ्यावर टेकला.

चिखलात पाय रुतला की लेकरू रडायचं, तेव्हा थोरलीनं सांगितलेलं: 'रडू नको, हात गुडघ्यावर ठेव, जोर दे, पाय निघेल.' पाय निघायचा. पुढं चिखल सुटला, पिंजरा आला, खाली कापडी गादी आली. पण दमल्या अंगाला अजून वाटत होतं की पाय रुतलाय. हात आपला गुडघ्यावर जायचा. आणि डावी बाजू सताड उघडी.

संजना त्या उघड्या दारातून आत शिरली. खांदा बरगडीखाली, पाय पोटरीमागं. मनाली अंगणात पाठीवर आदळली, आणि तिला कळायच्या आत थोरली तिच्या छातीवर बसून तिच्या गालांना, कपाळाला, त्या चुरगळलेल्या कानाला हळद फासत होती. जरा जास्तच जोरानं.

मग अंगणात हशा फुटला. बायकांनी संजनाला उठवून गोल फिरवलं. अल्पेश पाटावर उभा राहून नाचू लागला. "माझी ताई! माझी ताई!" व्याही टाळ्या वाजवत होते. एकट्या बाबांच्या तोंडचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्या हसण्यामागं कुणी नव्हतं.

संजना हसत होती. किती तरी वर्षांत असं हसली नव्हती. गोड, गारेगार वाटत होतं आतून. मग तिनं खाली पाहिलं. मनाली अजून जमिनीवरच बसली होती. पिवळ्या तोंडात दोन डोळे. ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहत होती.

*

हितेशनं तो व्हिडिओ लगेच टाकला. 'चॅम्पियनला ताईनं लोळवलं', वर चार हसणारी तोंडं. पंगती बसेपर्यंत तो अर्ध्या वसईत फिरला होता. संजना मागच्या दारी हात धूत असताना फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं घेतला.

"संजना," फ्लॉईड सरांचा आवाज खुशीत होता. "आता काही सांगायची गरज नाही. माझी पोरगी बघतेय इथं, सावकाश करून करून बघतेय. गुडघ्यावरचा हात! अगं, इतक्या दिवसांत मला दिसला नव्हता."

तिच्या हातावरून पिवळं पाणी ओघळत राहिलं.

"तो घरातला खेळ होता, सर."

"अर्थात. बोर्ड रंगवायला टाकलाय मी. सोमवारी ये."

तिनं फोन ठेवला. जे विकायचं की नाही यावर तिनं रात्र जागून काढली होती, ते तिनं भर अंगणात, ढोलाच्या तालावर फुकट वाटलं होतं. आणि वाटताना तिला आवडलं होतं.

मागं शकू आत्या उभी होती. पानाचं तांबडं तोंड, हातात काठी.

"मीच चुकले गो बाय. दिवसभर सगल्यांच्या तोंडात तेच नाव. माजी जीभपन तिकडंच गेली."

"आत्या, तुझ्या नावानं नाही झालं हे."

"मना म्हायत हाय. मी कवाशी बघतंय तुझ्या पोटात." तिनं काठीनं बांधाकडं दाखवलं. "ती तिकडं गेलीय. ओहोटी हाय."

*

घरामागच्या बांधापलीकडं खाडीनं पाणी मागं ओढून घेतलं होतं. तिवरांच्या मुळांशी चिखल उन्हात चकाकत होता, आणि त्यावर निवट्यांच्या उड्या, जणू कुणी मूठभर पाऊस उलटा टाकलाय. मनाली पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी होती. हळद वाळून तिच्या तोंडावर तडे गेले होते.

"कधीपासून माहितीय तुला?" तिनं न वळता विचारलं.

"तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून."

"पहिल्या लढतीलाही दिसला असेल."

"प्रत्येक लढतीला."

"आणि सांगितलं नाहीस."

संजना बांधावर बसली. खोटं बोलायला जागा होती, पण अंगात जोर नव्हता. "नाही सांगितलं. वाटायचं, कधीतरी कुणीतरी तिथूनच तुला पाडेल. मी टीव्हीसमोर बसून वाट बघायचे. तू जिंकलीस की टाळ्या वाजवायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे." मग तिनं फ्लॉईड सरांचं सगळं सांगितलं: बोर्ड, मोठी अक्षरं, काल न दिलेला नकार, आत्ताचा फोन.

एक निवटी मनालीच्या पायाशी आली, थांबली, गेली.

"मुलाखतीत बाबा बाजूलाच उभे होते, ताई. कॅमेऱ्याकडं असं बघत होते, जणू त्यांनाच मुंडावळ्या बांधल्यात. मी काय बोलणार होते?"

"माझं नाव."

"हो," मनाली म्हणाली. "तुझं नाव बोलायला पाहिजे होतं." ती पुढं म्हणाली, "मलाही जळायला व्हायचं, माहितीय? तू शिबिराला निवडली गेलीस तेव्हा मी देवाला सांगितलं होतं, हिला जाऊ देऊ नको. आणि पाहुणे आले."

संजनानं तिच्याकडं पाहिलं. मग उठली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि चिखलात उतरली. थंडगार काळा गाळ बोटांच्या फटींतून वर आला, तिच्या पायांना ओळखून.

"वाक."

"काय?"

"एक महिना आहे. वाक. हात गुडघ्यावर गेला, की मी पाडणार."

हात गेला, तिनं पाडलं. मनाली उठली, हात गेला, पुन्हा पाडलं. धाकटी चिखलात आदळली की प्रत्येक वेळी थोरलीच्या पोटात तेच गोड, गारेगार उमटायचं. तिनं ते लपवलं नाही. हळद धुऊन निघाली, दोघी काळ्या झाल्या. कोण नऊवारीतली आणि कोण कुर्त्यातली, एवढाच फरक उरला.

"अगं, उचल ना तो हात! माझ्याच सांगण्यावर ठेवलेलास ना, मग माझ्याच सांगण्यावर उचल!"

मनाली धापा टाकत वाकली. पाय रुतलेले. डावा हात खाली आला, गुडघ्यावर टेकला. संजना त्या उघड्या दारातून आत शिरली.

दार बंद होतं. गुडघ्यावरचा हात तिथं नव्हताच. तो संजनाच्या घोट्यावर होता, ती जिथं पोचणार होती तिथं आधीच. आभाळ फिरलं. तिवरं उलटी झाली. तिच्या नाकातोंडात खाडी शिरली.

"आता व्हिडिओ बघून कुणी आलं," वरून मनाली म्हणाली, "तर याच दारानं येईल ना?"

संजना चिखलात पडून राहिली. हे तिला सुचलं नव्हतं. आयुष्यभर त्या हाताकडं बघत बसूनही नाही. तिला फक्त तो उचलायला लावता आला असता. धाकटीनं त्याच हाताचा गळ केला होता. निवटी पोटात वळवळली, पूर्वीसारखीच. मेली नव्हती ती. मरणारही नव्हती बहुधा.

बांधावर खसफस झाली. हितेश मोबाईल डोळ्यांसमोर धरून उभा. "परत एकदा ताई, परत! हा पहिल्यापेक्षा भारी आहे!"

संजनानं गाळाचा गोळा उचलला आणि सरळ त्याच्या मोबाईलवर मारला. "पळ इथून! पंगतीत वाढ जा, मेल्या!"

मनाली हसून हसून खाली बसली. तेवढ्यात मांडवाकडून आत्याचा सूर आला, थकलेला पण खणखणीत. संध्याकाळचा धवला लागला होता.

"सोमवारी फ्लॉईड सरांना काय सांगशील?" मनालीनं विचारलं.

"बोर्ड पुसा म्हणेन." संजनानं तोंडातला गाळ थुंकला. "आणि ऐक. लढतीच्या दिवशी तुझ्या कोपऱ्यात मी उभी राहणार. बाबा खुर्चीत बसतील."

"बाबा रुसतील."

"रुसू देत. दुसरी हळद लावायची वेळ त्यांचीही येऊ दे एकदा."

तिनं एक पाय उपसायला घेतला. तो निघेना. नकळत तिचा डावा हात खाली गेला आणि गुडघ्यावर टेकला. तिनं तो पाहिला. मनालीनंही पाहिला आणि ती वाकली.

"परत," संजना म्हणाली.